वऱ्हाडच्या खतावणीत पाण्याचे खाते

चैत्राचे ऊन तापू लागले की अमरावती आणि अकोल्याच्या बाजारपेठांत पाणपोया लागतात. ओल्या कापडात गुंडाळलेले रांजण, साखळीने बांधलेला पेला आणि वर कुणा दिवंगत वडिलांच्या किंवा व्यापारी मंडळाच्या नावाची पाटी, हे दृश्य वऱ्हाडच्या उन्हाळ्याइतकेच जुने आहे. तहानलेल्याला पाणी पाजणे हे पुण्यकर्म होय, ही श्रद्धा त्यामागे असते आणि तिच्याविषयी आदरच बाळगायला हवा. परंतु पाणपोईचा रांजण ज्या नळातून किंवा ज्या विहिरीतून भरला जातो, तिच्या पाण्याचे काय होत आहे, हा प्रश्न या पुण्यकर्मात कोठेच येत नाही. व्यापाऱ्याच्या खतावणीत पाणी आजवर धर्मादाय खात्यावर लिहिले गेले. व्यवसायाच्या खर्चात ते क्वचितच धरले गेले. वऱ्हाडातील पाणीटंचाईच्या निवारणात उद्योग-व्यवसायांचा वाटा काय असावा, याचा विचार येथूनच सुरू करावा लागतो.

टंचाईची दोन रूपे

अकोल्यात वर्षाला सरासरी साडेसातशे ते आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. अमरावतीत त्याहून थोडा अधिक. हा आकडा पाहून येथे कायमचा दुष्काळ आहे, असे कोणी म्हणणार नाही. तथापि हा सारा पाऊस चार महिन्यांत आणि त्यातही मोजक्याच दिवसांत कोसळतो. त्यातला खंड पडला की सोयाबीन आणि कपाशी माना टाकतात आणि पुढच्या उन्हाळ्यात शहरांचे नळ कोरडे पडतात. अकोला शहराची तहान प्रामुख्याने महान येथील काटेपूर्णा प्रकल्पावर भागते. त्याचा उपयुक्त साठा ८६.३५ दशलक्ष घनमीटर. २०१७चा पावसाळा अपुरा झाला आणि २०१८च्या उन्हाळ्यात अकोलेकरांना अनेक दिवसांच्या अंतराने पाणी मिळू लागले.

दुसरे रूप अधिक कठीण आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाण पट्टा पसरला आहे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट या भागांतील कित्येक गावांत विहिरीला पाणी लागते, पण ते पिता येत नाही आणि पिकाला दिले तर जमीन बिघडते. जागतिक बँकेच्या साह्याने २०१८मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यातील ९३२ गावांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला, यावरून प्रश्नाची व्याप्ती ध्यानात येईल. याउलट सातपुड्याच्या पायथ्याशी वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात भूजल गोडे आहे. परंतु संत्र्याच्या बागा जगवण्यासाठी त्याचा इतका उपसा झाला की कूपनलिका शेकडो फूट खाली गेल्या. एकाच जिल्ह्यात एकीकडे पाणी आहे पण पिण्याजोगे नाही आणि दुसरीकडे पिण्याजोगे आहे पण ते संपत चालले आहे. सबब, एका गावाला लागू पडलेला उपाय दुसऱ्या गावाला सरसकट लावता येणार नाही, ही खूणगाठ प्रथमच बांधून घेतली पाहिजे.

धरण कोणासाठी?

पाण्याच्या प्रश्नात उद्योगांचे नाव वऱ्हाडात निघाले की सर्वप्रथम आठवतो तो अप्पर वर्धा धरणाचा वाद. मोर्शीजवळ सिंभोरा येथे वर्धा नदीवर बांधलेले हे धरण मुख्यतः शेतीच्या सिंचनासाठी होते. अमरावतीला लागून असलेल्या नांदगाव पेठ येथे औष्णिक वीजप्रकल्प उभारण्याचे ठरले, तेव्हा त्यासाठी या धरणातून वर्षाला ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी देण्याचा निर्णय झाला. त्यामुळे सुमारे २३ हजार हेक्टर सिंचन बाधित होईल, असा आक्षेप घेऊन शेतकरी रस्त्यावर उतरले. ज्या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देशाचे लक्ष वेधले होते, त्याच जिल्ह्यात सिंचनाचे पाणी वीजनिर्मितीकडे वळवले जावे, ही गोष्ट लोकांच्या मनाला लागणे स्वाभाविकच होते.

या वादाच्या मुळाशी धोरणाचाच एक निर्णय होता. राज्याच्या २००३च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर दुसरा क्रम उद्योगाला आणि तिसरा शेतीला देण्यात आला होता. लोकक्षोभानंतर २०११मध्ये हा क्रम बदलला आणि शेती पुन्हा दुसऱ्या स्थानी आली. परंतु क्रम बदलल्याने पाणी वाढत नाही. उद्योग नकोत, ही भूमिका वऱ्हाडला परवडणारी नाही. येथील पदवीधर तरुण नोकरीसाठी पुण्या-मुंबईच्या गाड्या पकडतात, हे वास्तव आहे. मग शेतकऱ्याच्या वाट्याला हात न लावता उद्योगाला पाणी कोठून मिळेल, हाच खरा अर्थशास्त्रीय प्रश्न उरतो.

गटारातले धरण

त्याचे उत्तर फार दूर शोधावे लागत नाही. २०११च्या जनगणनेनुसार अमरावती शहराची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४७ हजार आणि अकोल्याची सुमारे ४ लाख २६ हजार होती. शहरी पाणीपुरवठ्याचा सर्वमान्य निकष माणशी दररोज १३५ लिटरचा आहे आणि वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडते, असे अभियंते धरून चालतात. या हिशेबाने दोन्ही शहरांतून रोज साधारण ११ कोटी ६० लाख लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे ४२ दशलक्ष घनमीटर सांडपाणी निघते. काटेपूर्णेच्या उपयुक्त साठ्याच्या जवळजवळ निम्मे पाणी नाल्यांतून मोर्णा, पेढी आणि पुढे पूर्णेत वाहून जाते.

आता वीजप्रकल्पाची गरज पाहू. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांसाठी प्रत्येक युनिट विजेमागे साडेतीन लिटर पाण्याची कमाल मर्यादा घातली. नांदगाव पेठचा, आज रतनइंडिया या नावाने ओळखला जाणारा प्रकल्प १,३५० मेगावॉटचा आहे. तो ८० टक्के क्षमतेने वर्षभर चालला, असे मानले तरी या मर्यादेनुसार त्याला सुमारे ३३ दशलक्ष घनमीटर पाणी लागेल. अमरावती शहराच्या सांडपाण्यातून, वरील निकषानुसार, त्यातले तीन-चतुर्थांश भागू शकते. अकोला जिल्ह्यातील पारसच्या ५०० मेगावॉटच्या केंद्राची गरज याच रीतीने काढली तर ती १२ दशलक्ष घनमीटरच्या आसपास येते आणि अकोल्याचे सांडपाणी त्याहून अधिक भरते. प्रत्यक्षात शहरांना निकषाइतके पाणी मिळत नाही आणि सगळे सांडपाणी गटारवाहिन्यांत येत नाही, हे खरे. परंतु निम्मा हिशेब जमला, तरी धरणावरचा भार डोळ्यांत भरण्याइतका हलका होईल.

ही कविकल्पना नव्हे. शेजारच्या नागपुरात भांडेवाडी येथे शहराचे सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते. महापालिकेला त्यातून उत्पन्न मिळते आणि तेवढे ताजे पाणी नागरिकांसाठी वाचते. जानेवारी २०१६च्या राष्ट्रीय वीजदर धोरणाने तर सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांना असे पाणी वापरणे बंधनकारकच केले आहे. नांदगाव पेठ आणि पारस ही दोन्ही ठिकाणे आपापल्या शहरापासून या अंतराच्या आत येतात. नियम आहे, गरज आहे, पाणीही आहे. उणीव आहे ती नगरपालिका आणि कारखाना यांना जोडणाऱ्या वाहिनीची आणि ती पूर्ण क्षमतेने चालवण्याच्या इच्छाशक्तीची.

यात उद्योगांचा स्वार्थही आहे. जुलै २०१५मध्ये परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. एप्रिल २०१६मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात असताना, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तेथील मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात प्रथम ५० आणि मग ६० टक्के कपातीचा आदेश दिला. पाऊस हुलकावणी देतो तेव्हा कारखान्याचा करारनामा पाणी पुरवू शकत नाही. सांडपाणी मात्र शहर जिवंत आहे तोवर वाहतच राहते. ज्याची हमी निसर्गावर सर्वांत कमी अवलंबून आहे, असा हा कच्चा माल आहे.

कापसाचे कापड आणि नोय्यलचा धडा

वऱ्हाडपुढे आता नवी संधी उभी आहे आणि तिच्यासोबत नवा धोकाही. देशात मंजूर झालेल्या सात पीएम मित्र वस्त्रोद्यानांपैकी एक अमरावतीला मिळाले. सुमारे एक हजार एकरांवरील या उद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. येथे पिकलेल्या कापसाचे सूत, कापड आणि कपडे येथेच व्हावेत, हे दादाभाईंच्या काळापासूनच्या स्वदेशी अर्थविचाराचे जुनेच स्वप्न आहे. त्याचे स्वागत व्हायला हवे. परंतु सूतकताईला पाणी थोडे लागते, रंगाईला फार. एक किलो कापड रंगवून धुवायला साधारण शंभर लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी खर्च होते आणि ते बाहेर पडते ते रंग आणि क्षार घेऊनच.

तमिळनाडूतील तिरुप्पूरने याची किंमत मोजली आहे. तेथील रंगाई कारखान्यांचे पाणी नोय्यल नदीत जात राहिले आणि तिच्यावरचे ओरत्तुपाळयम धरण शेतीसाठी निरुपयोगी झाले. अखेर जानेवारी २०११मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तेथील सातशेच्या आसपास कारखाने बंद झाले. निर्यात थंडावली, कामगार गावी परतले. त्यानंतर सामायिक शुद्धीकरण केंद्रे उभारून पाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची पद्धत तेथे रुजली आणि वापरलेले बहुतांश पाणी पुन्हा रंगाईतच फिरू लागले. खर्च मोठा आला, पण धंदा टिकला.

पूर्णेचे खोरे आधीच क्षारांनी ग्रासलेले आहे. त्यात रंगाईच्या क्षारांची भर पडली तर त्या जमिनी पुन्हा सुधारणे जवळपास अशक्य होईल. म्हणून तिरुप्पूरने जे अखेरीस केले, ते अमरावतीने आरंभीच केले पाहिजे. उद्यानातील पहिले रंगाई यंत्र सुरू होण्यापूर्वी शुद्धीकरण केंद्र पूर्ण झालेले असावे, ही अट उद्योजकांनी स्वतःहून मागून घेण्यात त्यांचे हित आहे. उद्योगाने समाजावर लादलेला खर्च उद्योगाच्याच हिशेबात धरावा, हा सिद्धांत ए. सी. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२०मध्ये मांडला. तिरुप्पूरला तो न्यायालयात शिकावा लागला.

छपरावरचे गोड पाणी

मोठ्या प्रकल्पांची चर्चा मोठी होते. परंतु वऱ्हाडचा व्यवसाय मुख्यतः लहान आणि मध्यम माणसांच्या हाती आहे. अकोल्याच्या दालमिल, गावोगावची जिनिंग-प्रेसिंग, तेलगिरण्या, गोदामे, बाजार समित्यांची शेड ही येथली खरी औद्योगिक संपत्ती. या सर्वांजवळ एक गोष्ट विपुल आहे, ती म्हणजे छप्पर.

एक हजार चौरस मीटर पत्र्यावर साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील २० टक्के वाया गेला असे धरले, तरी ६ लाख लिटर पाणी हाती येते. दहा हजार लिटरच्या टँकरचा हिशेब केला तर हे ६० टँकर झाले. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला पाच लिटर मानले, तर एका जिनिंगच्या छपरावर सव्वातीनशे माणसांची वर्षभराची तहान पडते आणि वाहून जाते. पहिल्या सरींचे धुळीचे पाणी सोडून द्यावे, पुढचे गाळून झाकलेल्या टाक्यात साठवावे आणि पिण्यापूर्वी निर्जंतुक करावे, एवढीच त्याची रीत. खारपाण पट्ट्यात, जेथे जमिनीखालचे पाणी खारे आहे, तेथे छपरावरचा पाऊस हा गावातला सर्वांत गोड झरा होय. तेथे पाणी जमिनीत मुरवण्यापेक्षा टाक्यात, तलावात किंवा शेततळ्यात साठवणे शहाणपणाचे, कारण मुरलेले पाणी खाऱ्या साठ्यात मिसळते आणि काळी चिकण माती तळ्यातले पाणी चांगले धरून ठेवते. वरूड-मोर्शीत मात्र नेमके उलट, पाणी मुरवण्यालाच महत्त्व आहे.

येथेच शुद्ध पाण्याच्या कॅनचा धंदाही विचारात घ्यावा लागतो. क्षारयुक्त पाण्याच्या गावांत या धंद्याने लोकांची सोय केली, हे मान्य केले पाहिजे. परंतु शुद्धीकरण यंत्रातून निघणारे अधिक खारे पाणी बहुधा गटारात सोडले जाते आणि उपसलेल्या पाण्याची मोजदाद होत नाही. टंचाईवर नफा मिळवणाऱ्या व्यवसायाने निदान मीटर बसवावा, टाकाऊ पाणी धुण्या-पुसण्यासाठी वापरात आणावे आणि आपल्याच छपराचे पाणी साठवावे, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.

रस्त्याचा मुरूम, गावाचे तळे

व्यवसायाचा स्वार्थ आणि गावाची गरज एकाच कामात कशी साधता येते, याचे उत्तम उदाहरण शेजारच्या बुलढाण्याने घालून दिले. राष्ट्रीय महामार्गांच्या रुंदीकरणाला माती आणि मुरूम लागतो. तो टेकड्या फोडून आणण्याऐवजी जुने तलाव, नाले आणि नद्या खोल करून न्यावा, असे ठरले. ठेकेदाराला भरावाची माती मिळाली आणि गावाला खर्चावाचून साठवण मिळाली. ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने ही पद्धत सर्वत्र गाजली आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या परिसरातही महामार्गाच्या मातीतून तळी उभी राहिली. याच अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२मध्ये ७५ किलोमीटरचे डांबरीकरण सुमारे १०५ तासांत करून जागतिक विक्रम नोंदवला गेला. यंत्रसामग्री, भांडवल आणि शिस्त एकवटली तर काय घडते, हे त्यातून दिसले. तीच शिस्त गाळ काढण्याला लाभली तर वऱ्हाडातले किती तलाव मोकळा श्वास घेतील!

२०१६मध्ये पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा राज्यातील ज्या तीन तालुक्यांत झाली, त्यांत वरूड होता. श्रमदान गावाचे आणि यंत्रे व आर्थिक साह्य उद्योगसमूहांचे व सेवाभावी संस्थांचे, अशी त्या चळवळीची वाटणी होती. तिने पाणलोटाचे शास्त्र घराघरांत नेले, हे तिचे मोठे कार्य. तथापि अडवलेले पाणी पुढच्याच हंगामात नव्या कूपनलिकांनी उपसले गेले, तर बंधाऱ्याचा खर्च वाहून जातो. सामायिक साधन टिकते ते वापराचे नियम वापरणाऱ्यांनी स्वतः केले आणि पाळले तर, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिले आणि २००९मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून पैसा देणाऱ्या उद्योगाने किती घनमीटर खोदले, एवढेच विचारून थांबू नये. गावाने उपशाचा नियम केला काय, हेही विचारावे. संत्र्याचे व्यापारी आणि प्रक्रियाउद्योजक ठिबक सिंचन करणाऱ्या बागायतदाराला खरेदीत प्राधान्य देऊ लागले, तर तो नियम पाळण्यास बळच मिळेल.

धर्मादायाकडून हिशेबाकडे

२०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे भाग पाडले आणि पाणी हा विषय त्या यादीत आहे. पण पाचशे कोटींचे नक्त मूल्य, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नफा, यांपैकी एक तरी निकष पूर्ण करणाऱ्या कंपन्या वऱ्हाडात किती? शिवाय कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगतो. साहजिकच पैसा कारखाने असतात तेथे जातो. वऱ्हाडने केवळ या निधीची वाट पाहणे म्हणजे परगावच्या पावसावर पेरणी करण्यासारखे आहे.

स्थानिक व्यापाराला आपली वाट स्वतःच काढावी लागेल आणि त्याची परंपरा येथे आहे. १८९७च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने देशातील नियंत्रित बाजारांचा पाया घातला तो याच भूमीत. त्या बाजारांत पूर्वी शेतकऱ्याच्या पट्टीतून ‘धर्मादाय’ कापून घेण्याची चाल होती. त्यातून धर्मशाळा आणि गोरक्षणे चालली; परंतु पुण्य व्यापाऱ्याच्या नावे आणि पैसा शेतकऱ्याचा, असा तो व्यवहार होता. जलनिधी उभारायचा असेल तर ही चूक टाळली पाहिजे. तो अडत्याच्या कमिशनातून, गिरणीमालकाच्या नफ्यातून यावा. शेतकऱ्याच्या पट्टीतून येऊ नये. त्याचा जमाखर्च बाजार समितीच्या फलकावर लागावा. प्रत्येक कारखान्याने वर्षाला किती पाणी घेतले, किती पुन्हा वापरले आणि किती कसे सोडले, याचाही ताळेबंद लोकांसमोर असावा.

उद्योगांनी पुढाकार घेतला म्हणून शासनाची जबाबदारी संपते, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. गटारवाहिन्या टाकणे, मीटर बसवणे, प्रदूषण करणाऱ्याला दंड करणे आणि गरिबाला पिण्याचे पाणी देणे ही कामे राज्यसंस्थेचीच आहेत. एखादा तलाव खोल करून दिला म्हणून त्याच कारखान्याच्या दूषित नाल्याकडे डोळेझाक करण्याची मुभा कोणालाही मिळता कामा नये. दानाने दोष झाकला जात नाही.

शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी धनिकांच्या दानातून धर्मशाळा उभारल्या. परंतु देणगी घेताना त्यांचा हात खराट्यावर होता. आधी घाण काढा, मग पुण्याची गोष्ट करा, हा त्यांच्या आचरणाचा अर्थ. वऱ्हाडच्या व्यापाऱ्याने पाणपोई जरूर लावावी, पण तिच्या शेजारी आपल्या गिरणीचे छपरावरचे टाके, आपल्या नाल्याचे शुद्ध पाणी आणि आपल्या पाणीवापराचा उघडा हिशेबही दाखवावा. पाण्याचे पान एकदा खतावणीत आले की त्याची बाकी दर दिवाळीला काढावीच लागेल आणि ती उधारीत राहिली तर फेडणारी पिढी पुढचीच असेल.